25 लिटरचा गीझर गळायला लागलाय, नवा कुठला घ्यावा? (मुलुंड, घरात चार माणसं)

मुलुंडकरीण (रविवार, रात्री 9:40)

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहायची वेळ आज आली.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. 1988 ची सात मजली सोसायटी, आमचं घर चौथ्या मजल्यावर. मी, मिस्टर, मुलगा आणि सासूबाई. आमचा गीझर 14 वर्षांचा आहे, 25 लिटर, 2 किलोवॅट. गेल्या आठवड्यात त्याच्या खालच्या झाकणाच्या कडेने तांबूस थेंब यायला लागले. रात्री खाली बादली ठेवली तर सकाळी बोटभर पाणी आणि तळाला गंजाची गोल रेघ. प्लंबर म्हणाला, टाकीच सडलीय, डाग देऊन काही होणार नाही.

नवा घ्यायचाच आहे, तर या वेळी नीट विचार करून घ्यावा असं मनात आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे एसी बंद, पंखेही जवळजवळ बंद. तरी जानेवारीचं बिल 331 युनिटचं आलं. फ्रीज, टीव्ही, दिवे रोजचेच, म्हणजे ही वीज गीझरच खातोय असा माझा अंदाज.

पैशाचं आहेच, पण माझ्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. माझं माहेर चंद्रपूरचं. तिथल्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या बघत मी मोठी झाले. आई गच्चीवर कपडे वाळत घालायची आणि काढताना आधी झटकायची, कारण त्यावर बारीक राख बसलेली असायची. इथे बटन दाबलं की तिकडे कोळसा जळतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यामुळे वीज उगाच जाते तेव्हा मला खरोखर त्रास होतो.

आमची सकाळ अशी: मुलगा 6:20 ला शॉवर घेतो आणि पळतो. मिस्टर 7:30 ला, मी 8 ला, आम्ही दोघंही बादलीवाले. सासूबाई 83 वर्षांच्या आहेत. सकाळी त्यांचे सांधे धरलेले असतात, ते सुटेपर्यंत दहा वाजतात, मग त्या आंघोळीला जातात. त्यांना दीड बादली गरम पाणी लागतं. त्यांची वेळ मी बदलणार नाही. पण त्यापायी गीझर 6 ते 10:30 चालूच राहतो.

सल्ले चार मिळालेत. दुकानदार म्हणतो हीट पंप घ्या, वीज तिप्पट कमी लागते. त्याने 1,15,000 चं कोटेशन दिलंय. शेजारच्या वहिनी म्हणतात, पाइपचा गॅस आहेच तर गॅस गीझर लावा. सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं बोलणं चालू आहे, पण रीडेव्हलपमेंटचंही बोलणं तीन वर्षं चालूच आहे. मुलगा म्हणतो, 3 लिटरचा इन्स्टंट घेऊन टाक.

ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

---

जुना वायरमन, दादर (रविवार, रात्री 10:25)

ताई, घेण्याआधी मोजा. 40 वर्षं या धंद्यात काढली, लोक गीझर बदलतात पण गीझर किती वीज खातो ते कधी बघत नाहीत.

मोजायला काही विकत आणायला नको. गीझरवर लाल दिवा आहे ना? तो लागलेला असतो तेव्हाच कॉइल चालू असते. तुमचा 2 किलोवॅटचा आहे, म्हणजे दिवा 30 मिनिटं लागला की 1 युनिट झालं. एक दिवस सकाळपासून कोणी वही घेऊन बसा. दिवा कधी लागला, कधी विझला, एवढंच लिहा. गळती थोडी आहे तोवर हे करून घ्या. मात्र बॉडीला हात लावल्यावर जरा जरी झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद करा, मग मोजणं नको.

आणि पाण्याचा हिशेब डोक्यात ठेवा. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी लागते. 1 युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. मुंबईत जानेवारीतसुद्धा टाकीचं पाणी 22-23 अंशांच्या खाली फारसं जात नाही. आंघोळीचं पाणी 40 धरा. 17 लिटरची बादली गुणिले 17 अंश, 289 किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला युनिटचा तिसरा हिस्सा. नाशिकच्या थंडीतल्या माणसाचा हिशेब वेगळा, आपला वेगळा.

मुलाच्या शॉवरखाली बादली ठेवून एका मिनिटात किती पाणी पडतं तेही बघा.

---

ठाण्याचा संजू (रविवार, रात्री 11:10)

गॅस गीझरबद्दल मी लिहितो, कारण हे आमच्या घरात घडलंय.

माझी भाची तेव्हा 16 वर्षांची होती. बाथरूममध्येच गॅस गीझर, खिडकी डक्टकडे (बिल्डिंगच्या आतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीकडे) उघडणारी आणि थंडी म्हणून तीही बंद. बहिणीला बादली भरून वाहत असल्याचा आवाज येत राहिला, हाक मारली तर उत्तर नाही. दार तोडलं. पोरगी खाली पडलेली होती. वेळेत बाहेर काढलं म्हणून वाचली. चार दिवस डोकं दुखत होतं तिचं.

जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, या विषारी वायूला तसलं काही नसतं. माणसाला आधी गुंगी येते आणि दार उघडायचं भानच राहत नाही.

खर्चाने गॅस स्वस्त पडतो, ते मी नाकारत नाही. पण गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेच्या बाल्कनीत असेल आणि धुराचा पाइप थेट बाहेर काढलेला असेल, तरच विचार करा. आजींच्या वयाला तर दार आतून लावून घेतलेल्या बाथरूममध्ये अजिबात नको.

---

मुलुंडकरीण (रविवार, रात्री 11:25)

संजूदादा, वाचून अंगावर काटा आला. आमचीही खिडकी डक्टकडेच उघडते. गॅसचा विषय मी इथेच बंद केला. वहिनींच्या घरीही तसंच आहे, त्यांना उद्या हे वाचून दाखवते.

काका, उद्याच मोजते.

---

बोरिवलीचे सेक्रेटरी (सोमवार, सकाळी 8:05)

आमच्या सोसायटीत 9 वर्षांपासून सोलर वॉटर हीटर आहे, काचेच्या नळ्यांचा. 28 फ्लॅट, 2000 लिटर. पश्चात्ताप नाही, पण आधी जे कोणी सांगितलं नाही ते सांगतो.

ऑक्टोबर ते मे पाणी उत्तम मिळतं, एप्रिलमध्ये तर हात भाजतो, आणि तेव्हा ते कोणाला नको असतं. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, पाणी जेमतेम कोमट. नेमकी पावसाळ्यात भिजून आल्यावर लोकांना गरम पाण्याची आठवण होते. म्हणून प्रत्येकाचा घरचा गीझर राहिलाच.

दुसरी गोष्ट पाइपची. गरम पाणी गच्चीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचं तर मधल्या पाइपातलं गार पाणी आधी बाहेर पडणार. आमच्या खालच्या मजल्यांवर दीड-दोन बादल्या गार पाणी गेल्याशिवाय ऊन पाणी यायचं नाही. दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये हाच वाद. शेवटी पाइपातलं गार झालेलं पाणी परत टाकीत नेणारी परतीची लाइन टाकली, छोटा पंप आणि टायमर लावला, सकाळी 5:30 ते 8. तेव्हा मिटलं. तुमच्याकडे करायचंच झालं तर परतीची लाइन पहिल्या दिवसापासून मागा आणि पाइपांना जाड वेष्टण लावायला लावा.

तिसरी गोष्ट आमच्या भागाची: नॅशनल पार्क जवळ, माकडं येतात, नळ्या फुटतात. मुलुंडलाही डोंगराच्या बाजूच्या सोसायट्यांना हे बघावं लागेल.

आता गच्चीच्या जागेचाही प्रश्न आहे. 2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, त्यात सोसायटीच्या सामाईक विजेसाठी सोलर पॅनेल लावले तर किलोवॅटमागे 18,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरचं जुनं अनुदान मात्र कधीच बंद झालं. आमच्याकडे लिफ्ट आणि पंपाच्या बिलासाठी पॅनेल लावायचं ठरतंय, नव्या नळ्यांना जागा उरणार नाही. तुमच्याकडे रीडेव्हलपमेंटचं बोलणं असेल तर सोसायटीचा पैसा यात घालायला सभासद तयार होतील असं मला वाटत नाही.

---

पार्ल्याचं मोठं घर (सोमवार, दुपारी 1:30)

हीट पंप आमच्याकडे आहे, तीन वर्षं झाली. दुकानदार खोटं बोलत नाहीये. त्याचं काम एसीच्या उलट चालतं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. आपली हवा बाराही महिने ऊबदार आणि दमट, त्यामुळे मुंबईत तो चांगला चालतो. 1 युनिट विजेत साधारण 3 युनिटांची उष्णता मिळते.

पण आम्ही घरात नऊ माणसं आहोत. तळमजला, मागे मोकळी जागा, तिथे 200 लिटरची टाकी आणि यंत्र ठेवलंय. यंत्राचा एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा आवाज येतो, खाली थेंब थेंब पाणी गळतं त्याला नळी लागते, आणि हवा खेळायला जागा लागते. भरलेली टाकी 200 किलोच्या वर जाते, ती बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवायची म्हटलं तर मी तरी आधी इंजिनिअरला विचारीन. चार माणसांना, त्यातही तीन बादलीवाल्यांना, मी हे सुचवणार नाही.

---

मुलुंडकरीण (मंगळवार, रात्री 9:15)

मोजलं. काल सुट्टी काढली आणि सकाळी 6 पासून बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून वही घेऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, काय लिहितेस? सांगितल्यावर त्या स्वतःच खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या. आठनंतर दिवा कधी लागला ते त्यांनीच सांगितलं, माझं लक्ष कुकरकडे होतं.

वहीतलं जसंच्या तसं:

6:00 ला बटन लावलं, दिवा 21 मिनिटांनी विझला.
मुलाच्या शॉवरमुळे पुन्हा लागला. मग मिस्टर, मग मी, शेवटी सासूबाई.
10:30 पर्यंत दिवा एकूण 104 मिनिटं लागलेला होता.

म्हणजे साडेतीन युनिटच्या जवळ. महिन्याला 100 युनिट! 331 मधले 100 नुसत्या आंघोळीचे.

शॉवरखाली बादली ठेवली, मिनिटाला 8 लिटर पडतात. मुलगा 8 मिनिटं शॉवर घेतो. 64 लिटर, म्हणजे मिस्टर, मी आणि सासूबाई मिळून वापरतो त्याहून जास्त. त्याला आकडा दाखवला तर तो गप्प झाला, मग म्हणाला, मला माहीतच नव्हतं.

एक कळलं नाही. आदल्या दिवशी 10:30 ला बंद करताना टाकी गरम पाण्याने भरलेली होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी 21 मिनिटं का लागली?

---

जुना वायरमन, दादर (मंगळवार, रात्री 10:00)

शाब्बास. त्या 21 मिनिटांतच तुमचं उत्तर आहे, ताई.

आजींची आंघोळ होते, टाकीत गार पाणी शिरतं, कॉइल ते परत 60 अंशांपर्यंत तापवते, आणि मग तुम्ही बटन बंद करता. ते तापलेलं 25 लिटर पाणी कोणीच वापरत नाही. ते दिवसभर आणि रात्रभर थंड होत बसतं. सकाळची 21 मिनिटं म्हणजे 0.7 युनिट, हा कालच्या न वापरलेल्या पाण्याचा खर्च. सकाळच्या साडेचार तासांत झिरपलेली उष्णता धरली तर रोजचं जवळपास 1 युनिट कोणाच्या अंगावर न पडताच जातं. 14 वर्षांच्या गीझरच्या आतला फोमही दमलेला असतो.

म्हणून सरळ सांगतो.

15 लिटरचा 5 स्टार घ्या. लहान टाकी, कमी पाणी तापतं, कमी वाया जातं. गीझरवरचे स्टार पाणी तापवण्याचे नसतात. कॉइल सगळ्याच गीझरची सारखी, जेवढी वीज तेवढी उष्णता. स्टार मिळतात ते 24 तासांत टाकी किती उष्णता गमावते यावर. 15 लिटर पाणी 60 अंशांना तापलं की त्यात गार मिसळून 40 अंशांचं 32 लिटर होतं. आजींची दीड बादली त्यात आरामात बसते.

शेवटच्या आंघोळीला सुरुवात करण्याआधी बटन बंद करायचं. टाकीतलं गरम पाणी वापरून संपवायचं. तुम्ही आठला बंद करा, पुन्हा पावणेदहाला लावा, दहाला आजी आत गेल्या की बंद. "पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालू ठेवलेला बरा" असं लोक म्हणतात ते चूक आहे. बंद ठेवलेला गीझर कधीच जास्त खात नाही.

मुलाला मिनिटाला 5 लिटरचा शॉवर लावून द्या. 40 लिटर लागतील, तेवढे 15 लिटरच्या गीझरमधून निघतात, कारण आंघोळ चालू असताना कॉइलही तापवत असते.

इन्स्टंटचं सांगतो. 3 किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला 40 अंशांचं अडीच लिटर पाणी देतो. बादलीला सात मिनिटं, चालेल. शॉवरला नाही चालणार. शिवाय 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर, 1988 ची वायरिंग असेल तर आधी वायर बघावी लागेल. 2 किलोवॅटलासुद्धा 16 अँपिअरचा सॉकेट, वेगळी लाइन, तिचा वेगळा एमसीबी (लाइनवर भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की शॉकपासून वाचवायला लाइन तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंग तपासल्याशिवाय नवा गीझर चालू करू देऊ नका.

हीट पंपचा हिशेब तुमच्या वहीवरूनच करा. एप्रिल-मे गीझर जवळपास बंदच असणार. वर्षाला फार तर 400 युनिट वाचतील, पाच-सहा हजार रुपये. 1,15,000 वसूल व्हायला वीस वर्षं, आणि तोवर बिल्डिंगच पाडलेली असेल.

---

नवीन_सून_डोंबिवली (बुधवार, सकाळी 11:20)

काका, मग थर्मोस्टॅट 40 वरच ठेवला तर? गार पाणी मिसळायलाच नको.

---

जुना वायरमन, दादर (बुधवार, दुपारी 12:10)

नको. साठवलेलं पाणी 40 च्या आसपास ठेवलं की त्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो, त्याने न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसांना धोका जास्त. 55 ते 60 ठेवा आणि बादलीत मिसळा. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आजींच्या बाबतीत हा क्रम चुकवू नका, 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते.

---

मुलुंडकरीण (पुढच्या रविवारी, संध्याकाळी 6:50)

नवा गीझर गुरुवारी बसला. 15 लिटर, 5 स्टार. व्हॉल्व्ह, पाइप, नवा एमसीबी आणि बसवणं धरून साडेआठ हजार झाले. वायरमनने अर्थिंग तपासली तेव्हा मी टेस्टरकडे डोळे लावून उभी होते.

जुना काढल्यावर मी त्याला खालचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं. कॉइलच्या शेजारी एक बारीक, वाकडी तार निघाली, तिच्यावर पांढरी खडूसारखी ढेकळं. तो म्हणाला, ही मॅग्नेशियमची कांडी, नवीन असते तेव्हा अंगठ्याएवढी जाड. टाकीच्या ऐवजी ही झिजते, म्हणून टाकी टिकते. दोन-तीन वर्षांनी बदलायची असते. 14 वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, पण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतात, ते पाणी जड, त्याने कांडी लवकर संपते म्हणे. नव्या गीझरच्या बाजूला भिंतीवर मी पेन्सिलने तारीख लिहून ठेवलीय आणि खाली "कांडी 2 वर्षांनी".

आज सकाळी पुन्हा मोजलं. दिवा 66 मिनिटं लागला. 104 वरून 66. म्हणजे महिन्याला 38 युनिट कमी, जानेवारीसारखाच महिना असेल तर बिल 300 च्या आत येईल आणि वरच्या महागड्या स्लॅबमध्ये जाणार नाही. मुलाने नव्या शॉवरबद्दल पहिल्या दिवशी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी विसरला.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांचं बालपण राजापूरजवळच्या गावातलं, तिथे मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. त्या सांगत होत्या, आंघोळी संपल्या की त्यांची आई बंबातले निखारे बाहेर ओढायची आणि उरलेल्या उबेवर राहिलेलं पाणी भांडी घासायला घ्यायची. आता पावणेदहाला बटन लावायचं आणि दहाला बंद करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. मी विसरले तरी त्या विसरत नाहीत.

काका, एकच विचारायचंय. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन-चार थेंब पडतात. हे ठीक आहे ना?

---

जुना वायरमन, दादर (रविवार, रात्री 8:30)

ठीक आहे. पाणी तापलं की फुगतं, ते जास्तीचं तिथून बाहेर पडतं. थेंब पडतात म्हणून त्याचं तोंड कोणालाही बंद करू देऊ नका. गीझर बंद असतानाही सारखी धार लागली, तरच व्हॉल्व्ह बदला.